पावसाळ्यातला चेहरा

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी शटर उघडलं आणि शोकेसमधले सगळे फोटो बाहेर काढले. आमच्या मूल गावात पावसाळ्यात दुकानाच्या काचेवर दोन गोष्टी बसतात. बाहेरून राइस मिलचा कोंडा आणि आतून बुरशी. कोंडा ओल्या फडक्याने जातो. बुरशीसाठी फ्रेम खोलावी लागते आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने टिपावं लागतं. जोर लावला की बुरशीबरोबर फोटोतल्या माणसाचं नाकही निघून येतं. म्हणून हे काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

शोकेसच्या मधोमध एक बाई आहे. हिरवं नऊवारी, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. मान वळवून ती मागे पाहते आहे, जणू कोणीतरी हाक मारली आणि थांबावं की जावं हे तिचं ठरलेलं नाही. लग्न ठरलेल्या मुली दुकानात आल्या की तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "मॅडम, असा काढा." विचारतात, "ही कोण?" मी सांगते, "नागपूरची नटी आहे." ही माझी जुनी गंमत. प्रत्यक्षात तो उमरटोल्याचा श्रावण मारबते. जातीने ढिवर. पावसाळ्यात तलावात मासे मारायचा आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकात काम करायचा.

त्या दिवशी त्याच फोटोची फ्रेम खोलून काउंटरवर ठेवली होती, आणि दारात श्रावणभाऊची बायको, यमुनाबाई, उभी राहिली.

पुढचं सांगण्याआधी माझा धंदा सांगायला हवा. बाहेरच्या माणसाला तो चमत्कारिक वाटतो.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि नवरा चालवतो. कामाची वाटणी सोपी आहे. लग्नं नवऱ्याकडे, मयत माझ्याकडे. नवरा ड्रोन उडवतो, मी दुकानात बसून मेलेल्या माणसांचे फोटो करते. "करते" म्हणते, कारण ते काढलेले नसतात. आमच्याकडे खेड्यात माणूस जिवंत असताना त्याचा एकट्याचा फोटो कोणी काढत नाही. गेला की तेरवीला भिंतीवर लावायला मोठा फोटो लागतो. मग घरचे शोधाशोध करतात आणि जे सापडेल ते घेऊन येतात. कोणाच्या लग्नातला गर्दीचा फोटो, मागच्या रांगेत अर्धं तोंड. रेशनच्या कामाला काढलेला, शिक्का बसलेला. कधी मोबाइलवर काढलेला, डोळे मिटल्यानंतरचा. त्यातून मी माणूस उभा करते. मिटलेले डोळे भावाचे डोळे पाहून उघडते. झाकलेला कान दुसऱ्या कानावरून बनवते. पुरुषाला कोट चढवते, जन्मभर बनियनवर राहिलेला असला तरी. घरच्यांना कोट हवा असतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये कोट आहेत, पैठण्या आहेत, फेटे आहेत, मिशा आहेत. मिशा सर्वांत जास्त लागतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक असतात. एक सून सासूचा हसरा फोटो परत घेऊन आली. म्हणाली, "माही सासू जन्मात हासली नाई जी. इथी दात दाखवून राह्यली. पाहुणे मनतीन भलत्याच बाईची तेरवी हाय." मी सासूचं तोंड मिटवलं. सून समाधानाने गेली. एकाला दोन्ही मेलेल्या बायका आपल्या दोन बाजूंना हव्या होत्या. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. मी तिघांना एका सोफ्यावर बसवलं. पुढच्या वर्षी तो स्वतः गेला, तेव्हा मुलांनी तोच फोटो वापरला. माझं काम वाचलं.

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा एक म्हातारा मात्र लक्षात राहिला. त्यांच्यात मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात, फोटोची रीत नाही. पण नातू शिकलेला होता, त्याने हट्ट केला. आईच्या जुन्या फोटोवरचे डाग मी नेहमीप्रमाणे साफ केले. म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. मग कपाळाला बोट लावून म्हणाला, "गोंदण काऊन पुसलं बाई? गोंदण नाई त वरती हिले कोण वळखीन?" मला तो डाग वाटला होता. मी ठिपक्याला ठिपका मोजून गोंदण परत काढलं. तेव्हापासून कोणताही फोटो हातात घेतला की मी आधी विचारते, काय ठेवायचं आहे?

श्रावणभाऊशी ओळख त्या हिरव्या नऊवारीपासूनची. मी लग्न होऊन मूलला आले ते वर्ष. कलर रोल तेव्हा मिळायचा, पण धुवायला नागपूरला जायचा, म्हणून सासरे बऱ्याचदा काळापांढरा फोटो काढून हाताने रंगवत. दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, बाईचं काम करणारा एक पोरसवदा माणूस साज करून आला. सासऱ्यांनी फोटो काढला आणि रंगवायला माझ्यापुढे टाकला. म्हणाले, "बिघडला तरी चालेल, दुसरी कॉपी आहे." बिघडला नाही. लुगड्याचा हिरवा, नथीचा पिवळा आणि शेवटी बारीक ब्रशने कपाळावरचं कुंकू. तो माझ्या हातचा पहिला फोटो. सासऱ्यांनी सरळ शोकेसमध्ये लावला, तो अजून आहे.

पुढे मोठ्या नाटक कंपन्यांनी बाईच्या कामाला बाया आणल्या. श्रावणभाऊच्या वाट्याला मग बाकीची कामं आली. राजा, दारुडा, कपटी मामा, लेकीला सासरी पाठवणारा बाप. मिळेल ते करायचा आणि चांगलं करायचा. जाहिरातीच्या फोटोसाठी दरवर्षी आमच्याकडे यायचा. साज करून यायचा आणि साज करूनच जायचा. साधा तो फक्त एकदा आला. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरायचा होता.

"बाई, पासपोट पायजे. साधा."

स्टुलावर बसला. मी कॅमेरा उचलला तशी त्याची हनुवटी वर गेली, छाती फुगली.

"श्रावणभाऊ, सरळ पाहा जी."

"सरळच त पाहून राह्यलो."

"हा कोणता तरी राजा आहे."

तो हसला. परत बसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर डोळ्यांत पाणी. लेकीचा बाप. मी थांबले. पुन्हा उचलला, तर खालचा ओठ लोंबलेला. दारुडा. मुद्दाम करत होता असं नाही. कॅमेरा समोर आला की त्याचा चेहरा आपोआप कोणाच्या तरी घरात शिरत होता. शेवटी त्याने दुपट्ट्याने तोंड खसखसून पुसलं आणि विचारलं,

"सरळ म्हणजे कोणावानी पाहू?"

"तुमच्यावानी."

"तेच त आठवून राह्यलो बाई."

आम्ही दोघंही हसलो. माणूस अवघडला की त्याला त्याच्या कामाबद्दल बोलतं करावं, ही आमच्या धंद्यातली युक्ती. मी शोकेसकडे बोट दाखवून विचारलं, "हे मान वळवून पाहणं कोणाकडून शिकलात?"

"शिकतो कुठी? घरून आणलं. रोवण्याच्या दिवसात आमची बाई डोक्यावर धानाच्या परह्यांचं ओझं घेऊन बांधीच्या धुऱ्यावरून जात होती. मी तलावाच्या पाळीवरून हाक मारली. ओझ्यासकट मान वळवून अशी पायलन् तिनं. नवीनच लगन झालतं. मनलं, हे ठेवून घ्याव. सारी गंमत पाहाले येनारी लोकं त्यावरच टाळ्या देत."

"बाईंना सांगितलं?"

"काय सांगाचं त्यात? चोरी सांगतेत काय?"

सांगता सांगता त्याने करून दाखवलं, आणि तेवढ्यात मी बटण दाबलं. स्क्रीनवर तीच हिरव्या लुगड्यातली बाई होती, फक्त टक्कल पडलेली. त्याने सगळे फोटो एकेक करून पाहिले. शेवटी एकावर बोट ठेवलं. "हा द्या. हा पोलीस पाटील हाय. सरकारी कामाले बरा." बाकीचे मी पुसून टाकले. गिऱ्हाईक नेत नाही ते आम्ही ठेवत नाही.

जाताना म्हणाला, "राहू द्या बाई. श्रावण मारबते घरी सापडला नाई मना." आणि राजाची चाल चालत पायरी उतरला.

या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तलावाच्या पाळीवर त्याला साप चावला. गडचिरोलीला नेईपर्यंत संपला. त्याचा धाकटा भाऊ मुखरू फोटोंची थैली घेऊन माझ्याकडे आला. थैलीत सगळे नाटकातले. आधार कार्डही होतं. ते ऐन सीझनमध्ये काढलेलं, भुवया कोरलेल्या, डोळ्यांत कालचं काजळ, आणि आधारच्या फोटोत कोणीही दिसतो तसा पाण्यात भिजून फुगलेला. मी त्यातल्या त्यात माझ्याकडचा तो पासपोर्टचा पोलीस पाटील घेतला, त्याला कोट चढवला, मागे निळा पडदा टाकला आणि मोठा करून दिला. चांगला झाला होता. माझं काम मला कळतं.

तो फोटो घेऊनच त्या मंगळवारी यमुनाबाई आल्या. मागे मुखरू. बाईंचं कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. त्यांना पाहताच मी काउंटरवरचा हिरव्या लुगड्याचा फोटो पालथा केला.

मुखरू म्हणाला, "तेरवीच्या आधी घराबाहेर निघू नोको मनून सारे सांगून राह्यले, वैनी ऐकत नाई. मले नेऊन दे मनते."

यमुनाबाईंनी फोटो माझ्यापुढे ठेवला. "बाई, हा पोलीस पाटील हाय."

"त्यांनीच पसंत केला होता."

"केला असन. पर मेला तो पोलीस पाटील नाई."

मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि थैलीतला एकेक फोटो दाखवला. त्या प्रत्येकाला ओळखत होत्या. "हा राजा. हा दारुडा. हा मामा, हा लय वाईट होता. याच्या साली मी माहेरी गेलती."

"तुम्ही नाटकं पाहिली सगळी?"

"एकबी नाई. माह्याच घरी त तालीम होत होती. दसरा आला का मिशी काढे, भुवया कोरे, अन् घरी दुसराच माणूस राहाले ये. भाजी वाढली त राजावानी खाये. होळी होये, मिशी ये, मिशी आली का मंग हा ये माघारी. मले तो पायजे. पावसाळ्यातला."

मुखरू म्हणाला, "वैनी, पावसाळ्यात कोण फोटो काढते वं?"

खरं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे लग्न नाही, नाटक नाही, जत्रा नाही. जो तो चिखलात. कोणी कोणाचा फोटो काढत नाही.

मी म्हटलं, मिशी लावू. माझ्या साठ्यातल्या मिशा पोलीस पाटलाच्या ओठावर एकेक बसवून दाखवल्या. चौथी की पाचवी पाहून त्या म्हणाल्या, "मिशी त्याचीच हाय." मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, "माणूस पाटीलच हाय."

असं झालं की मी शेवटचा उपाय करते. घरच्या माणसाला डोळे मिटायला सांगते आणि विचारत जाते. नाक कसं, गाल कसे, डोळे कसे. त्याप्रमाणे इकडचं तिकडचं घेऊन चेहरा जुळवते. यमुनाबाईंनी डोळे मिटले.

"जाळं फेकताना जीभ अशी दाताखाली धरे. डावा खांदा खाली जाये. पाण्यातून निघाला का आधी कान झटके, म्हशीवानी."

"आणि समोरून कसे दिसायचे?"

त्यांनी डोळे उघडले.

"समोरून कुठी पायलं बाई? तो पाण्यात, मी पाळीवर. तो जाळ्यात पाहे, मी टोपल्यात. घरी आला का जेवाले बसे, मी चुलीकडं तोंड करून. रात्री अंधार." मग म्हणाल्या, "समोरून पाहाले लोकं होते ना त्याले. गावोगावचे."

मुखरू दारात जाऊन उभा राहिला. मी माऊस तसाच धरून बसले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे समोरून पाहायला वेळ मिळाला नाही, याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या नवऱ्याच्या चष्म्याची काडी कोणत्या रंगाची हे विचारलं तर मलाही उठून पाहावं लागेल.

पण त्यांच्या बोलण्यातून मला काहीतरी दिसू लागलं होतं. पाणी, पाळ, आणि खाली पाहणारा माणूस. हा माणूस मी पाहिला होता. तोही इथेच, याच स्क्रीनवर. आणि मी त्याला पुसला होता.

हल्ली लग्नाआधी जोडप्याचं शूटिंग करतात. मागच्या वर्षी पाऊस सरता सरता नवऱ्याने एक जोडपं उमरटोल्याच्या तलावावर नेलं होतं, कमळं फुललेली होती म्हणून. अशा फोटोंत मागे जे काही येतं ते पुसणं माझं काम. विजेचे खांब, म्हशी, कपडे धुणाऱ्या बाया, मासे मारणारी माणसं. जोडप्याच्या मागे फक्त तलाव हवा असतो. रोज पुसते, लक्षात काही राहत नाही. हा राहिला कारण त्याचं जाळं पाण्यावर पसरलेलं होतं आणि जाळं पुसणं फार किचकट असतं. एकेक दोरा.

नवरा मूळ फोटो कधी काढून टाकत नाही, लग्न मोडलं तरी नाही. जुनी हार्ड डिस्क लावली. लिंबू रंगाचा झगा घातलेली मुलगी, हातात कमळ, शेजारी गॉगल लावलेला मुलगा. त्यांच्या मागे, दूर, गुडघाभर पाण्यात एक माणूस. उघडा, कमरेला पंचा, हातात जाळं, मान खाली. स्क्रीनवर तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता.

मी अजून मोठा करून दाखवलाही नव्हता. यमुनाबाई पुढे झुकल्या आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

"हाच."

मग म्हणाल्या, "या पोरापोरीले बाजूले सारा."

मी त्याला मोठा केला. नखाएवढा होता तोवर माणूस होता. मोठा करायला लागले तसे त्याचे चौकोन झाले. नाकाच्या जागी तीन तपकिरी चौकोन, मिशीच्या जागी दोन काळे. यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. नवऱ्याने नवं एआयचं सॉफ्टवेअर घेतलं आहे, ते पुसट चेहरा स्वच्छ करून देतं. त्यात टाकला. मिनिटभर चाक फिरलं आणि चेहरा आला. रेखीव नाक, दाट मिशी, पापणीचा केसन् केस वेगळा. अगदी समोर पाहणारा, देखणा. एखाद्या सिमेंटच्या जाहिरातीत शोभला असता.

यमुनाबाईंनी विचारलं, "हा कोण?"

"हेच आहेत. मशीनने साफ केले."

"मशीननं कुठी पायलं होतं त्याले?"

मी तो चेहरा बंद केला.

मी विचारलं, "काय ठेवायचं आहे, बाई?"

"हाय तेच. हाय तेवढंच."

मग मी माझं नेहमीचं काम उलटं केलं. पुढचं जोडपं पुसलं आणि मागचा माणूस ठेवला. लिंबू रंगाच्या झग्याच्या जागी पाणी भरलं, गॉगलच्या जागी कमळाची पानं. श्रावणभाऊला हात लावला नाही. कोट नाही, निळा पडदा नाही. मोठा कागद प्रिंटरला घातला. सगळा तलाव, पलीकडची पाळ, ढगांनी भरलेलं आभाळ, आणि मधे पाण्यात बोटाच्या पेराएवढा माणूस, जाळ्यात पाहणारा.

मुखरूला पटलं नाही. "वैनी, लोकं हासतीन ना वं. दादाची तेरवी अन् तलावाले हार घातला मनतीन. चेहरा कुठी हाय?"

"ज्याले पाहाचा हाय तो जवळ येईन," त्या म्हणाल्या.

प्रिंट यायला वेळ लागतो. मी फ्रेमच्या पट्ट्या कापत होते. यमुनाबाई काउंटरपाशी उभ्या होत्या. तिथे पालथा पडलेला फोटो त्यांनी सहज उलटला. मला थांबवता आलं नाही, हातात पट्टी होती.

त्या किती तरी वेळ पाहत होत्या. त्यांना माहीत असणार, त्याचे असे फोटो आहेत म्हणून. पण एवढा मोठा, रंगवलेला, पाहिला नसावा.

"हे दंडारीतलं," त्या म्हणाल्या.

"हो. पहिला फोटो. त्यांची मान पाहा जी, कशी वळवली आहे. ती तुमची आहे. त्यांनीच सांगितलं मला. तुम्ही रोवण्याला परह्यांचं ओझं घेऊन जात होता, त्यांनी पाळीवरून हाक मारली, तुम्ही वळून पाहिलं. तेच घेतलं म्हणाले. नवीन लग्न झालं होतं तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मले नाई सांगतलं कधी," त्या म्हणाल्या. "मले मनत होता, तुले काय समजते नाटकातलं."

काच काढलेली होती. त्यांनी अंगठा फोटोतल्या कपाळाजवळ नेला, पण टेकवला नाही. बुरशी होती म्हणून की काय, माहीत नाही.

"माह्यं पुसलं," त्या म्हणाल्या. "याचं तसंच हाय."

ते कुंकू मी लावलेलं होतं. बारीक ब्रशने, दोन हात देऊन, म्हणून उतरलं नाही. प्रिंट झाली का पाहायला आत गेले.

फ्रेम बांधून दिली, वर प्लास्टिक गुंडाळलं. मुखरूने ती डोक्यावर घेतली. मी यमुनाबाईंना विचारलं, "हा हिरव्या लुगड्याचाही घेऊन जाता का घरी?"

"नोको. ते लोकायची हाय. राहू द्या इथीच, पाहतेत." पायरी उतरून परत वळल्या, ओझं नसलेली मान वळवून. "बुरशी तेवढी पुसत जा मंजे झालं."

त्यांची बस गेल्यावर मी शोकेस भरली. ती बाई मधोमध परत लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला म्हटलं, आज दुकान तुझं. कॅमेरा खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला आणि उमरटोल्याची पहिली बस धरली. कोणी बोलावलं नव्हतं. भावनेचा वगैरे प्रश्न नाही, हे फोटो पुढेमागे लागणारच आहेत आणि तेव्हा माझ्याकडेच येणार आहेत. पाऊस भुरभुर होता. पाळीवर उभी राहिले. पाण्यात चारपाच जण जाळी लावत होते. मारबत्यांच्या घरचं कोणी नव्हतं, त्यांना सुतक.

एक म्हातारा ओरडला, "कोण मेलं जी, फोटोवाल्या बाई?"

"कोणी नाई."

"मंग आमचे फोटो काऊन काढून राह्यल्या? आमी मेलो काय?"

"नाई. म्हणूनच आली."

ते हसले. एकाने ओले केस बोटांनी मागे सारले, छाती पुढे काढली आणि कॅमेऱ्याकडे पाहत ताठ उभा राहिला.

"जाळं ठेवू काय बाजूले?"

"ठेवू नका. माझ्याकडं पाहू नका. जाळ्यात पाहा."

त्याने जाळ्यात पाहिलं. जाळं जड झालेलं होतं. त्याला माझा विसर पडेपर्यंत मी थांबले, आणि बटण दाबलं.